ताई थांबतात

"आम्ही तुम्हाला तपासत नाही आहोत, ताई. आम्ही सॉफ्टवेअर तपासतोय," असं ती मुलगी पहिल्याच दिवशी गोड हसून म्हणाली, आणि तेव्हाच मी ओळखलं की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. जो तपासत नसतो, त्याला हे सांगावं लागत नाही.

रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मी एकोणीस वर्षं बसतेय. हे नवं सॉफ्टवेअर सगळ्या रुग्णालयांत लागणार होतं, पण त्याआधी तीन आठवडे आमच्या दोन खिडक्यांवर चालवून बघायचं ठरलं. एका खिडकीवर मी, दुसरीवर काका. काका माझे कोणी लागत नाहीत. निवृत्तीला आलेले, एका बोटाने टाइप करणारे, म्हणून सगळ्यांचेच काका. आणि माझ्या पाठीमागे स्टुलावर ही कंपनीची मुलगी, मांडीवर वही उघडून. आम्ही तिचं नाव वहीवाली ठेवलं.

माझा संशय उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी केसपेपरच्या विभागात असंच काहीतरी 'चालवून बघितलं' होतं. तिथे चार जणी होत्या, आता एक आहे. माझ्या नवऱ्याची पाठ दुखावल्यापासून घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चालतं. हिच्या वहीत माझी एकही चूक जाता कामा नये, हे मी मनाशी पक्कं केलं. काकांनाही बजावलं.

"पण तिने विचारलं तर सांगायचं काय?" काका म्हणाले.

"सोपं आहे, छान आहे, सवय झाली. बस्स."

"अगं, मला तर ओ की ठो कळत नाहीये."

"मग ते तिला कशाला कळायला हवं?"

चौथ्या दिवशी वहीवाली चहाला गेली होती आणि खिडकीवर ही गर्दी उसळली. मी नेहमीसारखी औषधाची तीन अक्षरं मारली, यादी उघडली, पहिल्या ओळीवर बटण दाबलं. लेबल निघालं, त्याप्रमाणे फडताळातून पाकीट काढलं आणि दिलं. समोरच्या म्हातारबाईंनी तिथेच ते उघडून बघितलं.

"अगं बाई, माझी गोळी पांढरी असते. ही गुलाबी कशी?"

चिठ्ठीत पाच मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. लेबलावर पन्नास. "चुकून दुसऱ्याचं आलं हो," असं म्हणत मी पाकीट परत घेतलं आणि बरोबर गोळ्या दिल्या. बाई आशीर्वाद देऊन गेल्या, त्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद करून मी तेच पुन्हा पुन्हा करून बघितलं. सावकाश दाबलं तर सगळं नीट. भराभर दाबलं, की बोट खाली येईपर्यंत यादी आपली आपण हलायची आणि खालची ओळ वर चढून बसायची. काकांना हे जन्मात दिसलं नसतं. त्यांचं दुसरं अक्षर पडेपर्यंत यादी एक झोप काढून उठायची. ज्यांचा हात चालतो, त्यांचाच घात होणार होता.

सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे म्हातारबाईंचंही सांगायचं. 'चुकीचं औषध दिलं' एवढं वहीत गेलं की माझा निकाल लागला. मी मूग गिळून गप्प बसले. त्या दिवसापासून बटण दाबण्याआधी मनात तीन आकडे मोजायला लागले, आणि ज्या ज्या औषधाला यादी हलते त्याचं नाव एका कागदावर लिहून तो की-बोर्डखाली सरकवायला लागले. वहीवालीचं लक्ष मात्र होतंच.

"ताई, मघाशी तुम्ही थांबलात का?"

"चष्म्यावर डाग होता."

दुसऱ्या दिवशी शिंक आली होती, तिसऱ्या दिवशी कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं होतं. तीन आठवडे मी तिला ताकास तूर लागू दिली नाही, आणि खरं सांगते, मला त्याची घमेंड वाटत होती.

शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "दोन खिडक्या, तीन आठवडे, एकही तक्रार नाही!" ते खुशीत म्हणाले. "सोमवारपासून सगळीकडे सुरू. पहिलं लागेल मुलांच्या रुग्णालयात."

टाळ्या वाजल्या. माझे हात काही उचलले गेले नाहीत. मुलांच्या रुग्णालयात खिडकीवर माझी भाची बसते. मीच तिला शिकवलंय. तिचा हात माझ्याहून भराभर चालतो, आणि ते मी चार लोकांत कौतुकाने सांगत असते.

भाचीला एक फोन केला की झालं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, खरंच आलं. पण तिच्या शेजारच्या खिडकीला कोण फोन करणार? पुढच्या गावाला कोण करणार?

परत आले तर खिडकीशी कोणी नव्हतं. वही स्टुलावर होती. तीन आठवड्यांचा संशय माझ्या बोटांत उतरला आणि मी ती उघडली. पानंच्या पानं पडद्याची चित्रं, बाण, वेळा. माझी चूक नाही, काकांची नाही. फक्त चौथ्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ: 'ताई थांबतात. का?'

शेवटच्या पानावर थोडं जास्त होतं. 'ताई थांबतात. खूपदा विचारलं. माझ्यावर विश्वास नाही.'

वर बघितलं तर वहीवाली दारात उभी होती. मी की-बोर्ड उचलून खालचा कागद तिच्यापुढे धरला. दोन्ही बाजू भरल्या होत्या.

"भराभर दाबलं की यादी हलते. एका बाईंना मी पाचाच्या जागी पन्नास दिलं होतं. त्यांनीच ओळखलं, म्हणून वाचल्या."

ती कागद वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"माझी नोकरी राहील का गं?" मी विचारलं.

"मला नाही माहीत, ताई."

तीन आठवड्यांत तिच्या एखाद्या वाक्यावर माझा विश्वास बसला तो पहिल्यांदाच.

ती स्टुलावर बसली, पेन उघडलं. "रिपोर्ट आजच बदलते. सोमवारचं थांबवायला हवं. दोष कोणाला सापडला लिहू? तुमचं नाव घालते."

"सापडला म्हणून नको लिहूस," मी म्हणाले. "सतरा दिवस लपवला, असं लिही. नाहीतर पुढच्या खिडकीवरच्या बायका का गप्प बसतात, ते तुम्हाला कधी कळायचं नाही."