कापूस हलवून ठेवलेलं नाव

आमच्या सलीलला मुलगी झाली ते साल दोन हजार अकरा, दिवाळी नुकतीच सरलेली. बाळंतपण सुनेच्या माहेरी, राजूरला झालं. सव्वा महिना झाल्यावर गौरी बाळाला घेऊन बोरी अरबला आली आणि बारसं आमच्या घरी करायचं ठरलं.

घरात बारशाला जागा मात्र नव्हती. आदल्या वर्षी चढलेला कापसाचा भाव यंदा असा कोसळला होता की गावात कुणी विकायला तयार नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात कापूस. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. मागच्या खोलीत जायला भिंतीला घासून, पोट आत घेऊन जावं लागे. इंदुताईंना तेही जमत नसे. त्या सरळ कापसात शिरत आणि पलीकडून पांढऱ्या होऊन निघत.

इंदुताई म्हणजे माझी थोरली नणंद, वामनरावांची बहीण. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. आधी पाळण्यातल्या बाळाचं तोंड नीट पाहते, मग कानात नाव सांगते. तोवर ते नाव तिच्याशिवाय कुणाला, अगदी आईबापालाही, ठाऊक नसतं. इंदुताईंनी आमच्या घरातली सगळी नावं ठेवली होती आणि त्यांचा हात अजून शिवशिवत होता. पण या बाळाची आत्या त्या नव्हत्या. या बाळाची आत्या माझी रजनी.

रजनी मस्कतला नर्स आहे. तिने तिथल्याच एका केरळच्या मुलाशी आम्हाला न विचारता लग्न केलं. तेव्हापासून वामनरावांनी घरात तिचं नाव घेणं सोडलं. मी चोरून फोनवर बोलायची. मला अक्षरं तिनेच शिकवली होती. ती सातवीत होती आणि मी चाळिशीला आले होते, चुकले की हातावर पट्टी मारायची. अशा पोरीचं नाव आपल्याच घरात दबक्या आवाजात घ्यायचं, हे मला सोसत नव्हतं.

गौरीने सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सारखा करून सांगितलं, "मामाजी, आत्या रजनीताईच. त्या नसन तर मी लेकराले पाळण्यात घालत नाई."

"मी मेली काय?" इंदुताई म्हणाल्या.

रजनीला सुट्टी नव्हती. सलीलने तोडगा काढला. तो दारव्ह्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. त्याच्या लॅपटॉपवर रजनी दिसेल, बाळ तिला दिसेल, आणि ती नाव सांगेल.

वामनराव बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुमची पेटी चालली तर चालू द्या. नाई चालली तर इंदुताई नाव ठेवन, आन् मंग त्या पोरीचा विषय या घरात पुन्हा नाई."

म्हणजे सगळं त्या पेटीवर आलं. रजनीने नाव ठेवलं तर जन्मभर लोक विचारणार, नाव कुणी ठेवलं, आणि घरातल्या प्रत्येकाला मोठ्याने सांगावं लागणार, रजनीने. मला तेवढंच हवं होतं.

आणि पेटी चालेना.

पुढच्या दाराशी टेबलावर ठेवली की रजनी छान दिसायची, बोलायची, हसायची. मधल्या खोलीत पाळण्याजवळ नेली की जरा वेळाने तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं आणि मग पडदा काळा. परत टेबलावर आणली की पुन्हा रजनी हजर. बारशाच्या आदल्या दिवशी हेच चाललं होतं.

"काय होऊन राह्यलं रे?" मी विचारलं.

"वायरलेसचा ड्रायव्हर गडबड करते, आई," सलील म्हणाला. हवेतून येणारं इंटरनेट लॅपटॉपच्या आत घेणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, असं त्याने मला समजावलं.

"मंग तो काढून दुसरा ठेव," वामनराव सुपारीमागून म्हणाले. "जीपवाल्याचा ड्रायव्हर पेला असला का आपण दुसरा पाह्यतो."

सलीलच्या लॅपटॉपवर विकतची सिस्टीम नव्हती. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, सगळ्यांसाठी मोकळी असलेली सिस्टीम होती आणि त्याला तिचा फार अभिमान. "बाबा, याच्यावर कोनाची मालकी नाई. कोनीबी उघडून आतलं पाहू शकते, दुरुस्त करू शकते."

"मालकी नाई म्हनून तर कोनी पाहून नाई राह्यलं," वामनराव म्हणाले.

सलील इंटरनेटवर शोधत बसला. "हे पाहा, ब्राझीलमधल्या एका मानसाले अगदी हेच झालं."

"त्याच्याकडे बारसं व्हतं काय?" इंदुताईंनी विचारलं.

मग ज्याच्या त्याच्या मनात येईल ते कारण निघालं. शेजारची जमनी म्हणाली, पाळण्याची लोखंडी साखळी आडवी येते. साखळी काढून सुताची दोरी बांधली. रजनी गेली. गौरी म्हणाली, बायकांचे मोबाइल असतील. सगळे मोबाइल धान्याच्या कोठीत टाकले. रजनी गेली. इंदुताई पाळण्यापाशी आल्या की जाते, असं मी म्हणाले. त्यांना अंगणात बसवलं तरीही रजनी गेली. इंदुताई अंगणातून ओरडल्या, "आता कोनाच्या नावानं फोडता?"

शेवटी सलील उठला आणि पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला. इंटरनेटचा राउटर त्या खोलीत, पलीकडच्या भिंतीवर होता. टेलिफोनची तार तिथूनच येते. राउटर आणि पाळणा यांच्या मध्ये कापसाचा डोंगर.

"हा कापूस सिग्नल पिऊन टाकते," तो म्हणाला.

त्या कापसाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. भाव चढेपर्यंत एक बोंडही हलणार नाही, असं वामनरावांनी आल्यागेल्याला सांगितलं होतं. रोज सकाळी ते ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब पाहायचे.

वामनरावांनी सुपारी ठेवली. टोपी काढून खुंटीला लावली. धोतराचा काचा मारला.

"चादरी आना," ते म्हणाले.

"अवो, काहून?" मी विचारलं.

"उद्या म्हनसान, बापानं कापूस आडवा घातला. मले कोनाचं बोलनं नाई पाह्यजे. आना चादरी."

मग काय सांगू! चादरी, सतरंज्या, लुगडी, गौरीच्या लग्नातला शालू सोडून सगळं बाहेर आलं. गाठोडी बांधायची, डोक्यावर घ्यायची, मागच्या अंगणातल्या गोठ्याच्या माळ्यावर नेऊन टाकायची. बारशासाठी आलेल्या बायका पदर खोचून कामाला लागल्या. पोरं ढिगावरून घसरगुंडी करत होती आणि कुणी त्यांना रागवत नव्हतं. इंदुताईंच्या केसात, भुवयांत कापूस. वामनरावांच्या मिशांना कापूस. जमनीला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात, आणि ती शिंकली की सगळ्या हसायच्या. बाळ तेवढं शांत झोपलं होतं, छातीवर एक कापसाचा पुंजका घेऊन. टेबलावरच्या लॅपटॉपमधून रजनी विचारत होती, "आई, तिकडं काय चाललं? बर्फ पडून राह्यला काय?"

"तुह्यासाठी घर खाली करून राह्यलो," मी म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत खोली रिकामी झाली. भिंतीचा रंग निळा होता हे आम्ही विसरूनच गेलो होतो. राउटर खिळ्यावर एकटाच लुकलुकत होता. सलीलने लॅपटॉप पाळण्याजवळ नेला. सगळे पाळण्याभोवती वाकले.

रजनी हसली, "अरे वा, आता तर," म्हणाली, आणि गेली.

वामनराव वळले. मिशीतला कापूस काढला आणि हात धुवायला गेले. त्यांच्या पाठीकडे पाहूनच मला कळलं, आता नाव इंदुताईच ठेवणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारसं. रजनीची जेवणाची सुट्टी तेवढी होती. लॅपटॉप टेबलावर होता. आधी आमच्या रीतीप्रमाणे वरवंट्याला झबलं घालून बायकांनी पाळण्याखालून वर फिरवला. मग इंदुताई म्हणाल्या, "आत्या पेटीत हाये तं पेटीले कुंकू लावा." लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकू लागलं. रजनी पलीकडून म्हणाली, "आत्या, मले दिसत नाई, पन कपाळाले गुदगुल्या झाल्या." इंदुताईंना हसू आवरेना. त्यांचा राग तिथेच अर्धा गेला असावा.

सलील म्हणाला, पेटी पाळण्याजवळ नेऊच नका, लांबूनच पाहू द्या. पण टेबलावरून पाळण्याची फक्त कड दिसत होती. रजनीला बाळाचं तोंड दिसेना. आणि तोंड पाहिल्याशिवाय नाव नाही.

"मी पाळना सोडून इकडं टांगतो," सलील म्हणाला, आणि तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ बदलली होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नव्हती.

इन्व्हर्टरवर दोन दिवे लागले. राउटरही इन्व्हर्टरवरच होता, तो लुकलुकत राहिला. लॅपटॉप टेबलावर जागचा हलला नव्हता. आणि रजनीचं तोंड उघडं राहिलं, पडदा काळा झाला.

"झालं," इंदुताई म्हणाल्या. पण पाळण्याकडे गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

सलील लॅपटॉपकडे बघत होता. मग राउटरकडे. मग पुन्हा लॅपटॉपकडे. मग त्याने स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की बाळ दचकलं.

"आई! पाळन्यापाशी नेताना दरवेळी मी चार्जर काढत व्हतो!"

"मंग?"

"वायर पुरत नाई म्हनून काढत व्हतो. चार्जर काढला का लॅपटॉप बॅटरीवर जाते. बॅटरी वाचवासाठी हा ड्रायव्हर वायरलेसले झोपी घालते. आता लाइट गेली, तं टेबलावरच झोपला. साखळी नाई, मोबाइल नाई, कापूस नाई!"

कापूस नाही, हे ऐकून सगळ्या बायकांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनराव खांबाला टेकून बसले होते.

"मंग लावा का चार्जर इन्व्हर्टरवर," गौरी म्हणाली.

"जुनी बॅटरी आहे त्याची," सलील म्हणाला, "हा बोजा टाकला तं राउटरसकट सगळंच बसन."

तेवढ्यात माझा फोन वाजला. रजनी होती. मी फोन कानाला लावला, पण तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जात होता. "आई, राहू दे. सुट्टी संपत आली. मले वार्डात जावं लागन. इंदुआत्यालेच ठेवू दे नाव. मी रागावली नाई, आई. लेकराले उगंच उपाशी ठेवू नका."

वामनराव उठले, माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला आणि फोन म्हणजे लांबच्या शेतातल्या गड्याला हाक मारायचं साधन असल्यासारखे ओरडले,

"रजने! कापूस हलवला म्या तुह्यासाठी! अख्खा! आता नाव ठेवल्याबिगर कुठं जातं?"

मग रजनी म्हणाली, "बाबा?"

"मंग कोन असन? बस तथीच. तुह्या डाक्टरले सांग, बापानं बसवलं म्हनून."

"सल्या," ते फोन तसाच धरून म्हणाले, "उठव त्याले झोपेतून."

सलीलला ब्राझीलच्या माणसाने लिहिलेली, बॅटरीवरही वायरलेसला झोपू न देणारी एक ओळ आठवत होती. त्याने ती आधीच वाचली होती. पण शाळेत लॅपटॉप कायम चार्जरवर, म्हणून ती आपल्यासाठी नाही असं समजून पुढे गेला होता. त्याने मशीनला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली, ओळ लिहिली. मशीनने पासवर्ड मागितला. सलील टपटप करत होता आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं.

"अवो बाप्पा, काहीच उमटून नाई राह्यलं!" इंदुताई त्याच्या खांद्यावर वाकल्या.

"उमटत नसते, आत्या, कोनी चोरू नये म्हनून."

"इथं कोन चोरते? मोठ्यानं लिही!"

त्याने एंटर दाबलं. पुन्हा कॉल लावला. मग चार्जरची पिन काढून बाजूला टाकली, लॅपटॉप छातीशी धरला आणि पाळण्याकडे निघाला. बायकांनी वाट करून दिली. पाळण्याच्या उशाशी त्याने तो उघडून धरला.

रजनी दिसत होती. आम्ही वाट पाहिली. रजनी हललीही. डोळे पुसताना तिचा हात हलला.

"जवळ न्या," ती म्हणाली. बाळाला तिने पोटभर पाहिलं. "नाक बाबांचं आहे," ती म्हणाली. वामनरावांनी नाक चाचपलं.

मग सलीलने लॅपटॉप बाळाच्या कानाशी नेला. आम्ही सगळ्यांनी रीतीप्रमाणे एकमेकींच्या पाठीवर हात मारले, जमनी शिंकली, आणि इंदुताई सगळ्यांवर ओरडल्या, "गप बसा, तिले बोलू द्या!" त्या गोंधळात रजनीने नाव सांगितलं. ते फक्त बाळानेच ऐकलं, म्हणून तिला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

"आभा!"

"आभा वामनराव," इंदुताई म्हणाल्या, मग स्वतःच चुकल्या म्हणून पोट धरून हसल्या, "सलील, सलील!"

लाइट संध्याकाळी आली. तोवर रजनी वार्डात परत गेली होती. त्या दिवसापासून तिचा फोन आला की आधी वामनरावांनाच द्यावा लागे. ते तिच्याशी बोलायचे काय, तर कापसाचा भाव. मी दाराआड उभी राहून ऐकायची.

पुढल्या मे महिन्यात रजनी नवऱ्याला घेऊन आली. जावयाला मराठी येत नव्हतं आणि वामनरावांना दुसरं काही. दोघं सकाळ-संध्याकाळ बैलांपाशी जाऊन उभे राहायचे. नंतर ती दरवर्षी येऊ लागली. दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात वामनरावांना छातीचं दुखणं लागलं, तेव्हा रजनी सुट्टी काढून आली आणि शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा तिनेच केली.

वामनराव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सव्वीस ऑगस्ट दोन हजार चौदाला, यवतमाळच्या दवाखान्यात वारले.