रंभाबाईचा डबा रिकामा येत नाही

मी सतरा नंबरचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, वर धरायला कडी. माझ्या झाकणावर लाल नेलपॉलिशनं १७ लिहिलंय. घासून घासून त्यातला एकचा आकडा निम्मा पुसलाय, त्यामुळे नवख्या माणसाला मी सात नंबरचा वाटतो. वाटू दे. आता मला मोजून घ्यायला कुणी येत नाही.

जन्माचं फार सांगत बसत नाही. कारखान्यात पत्रा दाबला, कडा वळवल्या, झालो तयार. आम्ही चाळीस जण एकाच खोक्यात बसून पुण्याजवळच्या भुकूमला आलो. तिथं एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोल्यांत एका संस्थेनं केंद्र काढलं होतं. एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच द्यायचं, औषधं आणून द्यायची, आठवड्यातून एकदा बीपी बघायचा आणि रोज दारात दोन मिनिटं थांबून बोलायचं. वय झालं म्हणून कुणाला आपलं घर सोडावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही.

उद्घाटनाला आम्हाला पांढऱ्या चादरीच्या टेबलावर मांडलं. पाहुण्यांनी मला हातात धरून फोटो काढून घेतले. आत काहीच नव्हतं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. मला नेणारी होती अनुसया. भुकूमचीच, पंचेचाळिशीची, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. स्कूटीच्या मागच्या क्रेटमध्ये आम्ही बारा डबे खडखडत निघायचो. पौड रस्त्यावरचे डंपर चुकवत, चालकांचा उद्धार करत ती कासार आंबोलीला वळायची. माझं घर सगळ्यात शेवटचं. शनिवार-रविवारच्या बंगल्यांच्या कुंपणाला लागून दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कागदी लिंबाचं झाड आणि भाजीचा एक वाफा. तिथं रंभाबाई राहायची.

रंभाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगा किशोर सूसला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. रंभाबाईचे हात सारखे कापायचे. चहाचा कप तोंडाशी जाईपर्यंत निम्मा बशीत यायचा. एकदा भाताचं पातेलं उतरवताना हातातून निसटलं आणि पाय घोट्यापर्यंत पोळला. किशोरनं तिला उचलून सूसला नेलं. दोन महिने ती तिथं राहिली आणि मग हट्टानं परत आली.

"तितं दार उघडलं की समूर दुसरं दार. त्ये बी बंद," असं ती अनुसयेला सांगायची. "हितं निदान कोंबडं तरी वळकतं मला."

किशोर वाईट माणूस नाही. त्यानं आईला जे सांगायचं ते सरळ सांगितलं. मी तेव्हा ओट्यावरच होतो.

"आई, डबा येतोय तोवर राहा हितं. पण गॅसला हात लावायचा नाही. डबा बंद झाला की मी तुझं काय ऐकणार नाही, घेऊन जाणार. मला रोज येणं जमत नाही गं."

"बरं बाबा," ती म्हणाली.

म्हणजे त्या दोन खोल्या, ते झाड, ते अंगण, सगळं माझ्या येण्याजाण्यावर अवलंबून होतं. दीडशे ग्रॅमच्या पत्र्यावर हा जरा जास्तच भार होता. पण मला तो आवडायचा.

अनुसया साडेअकराला मला ठेवून जायची आणि चारला औषधांच्या फेरीत परत न्यायची. पहिल्याच दिवशी तिनं मला उचललं आणि थबकली.

"मावशी, जड लागतोय. जेवला न्हाई का?"

"जेवले की. वरणभात, वांग्याची भाजी, समदं खाल्लं."

"मग ह्यात काय हाय?"

"लिंबं हायेत चार. रिकामा डबा माघारी कसा द्यायचा?"

अनुसया हसली. तिलाही हे घरचंच होतं. शेजारणीचं भांडं आपल्याकडं आलं तर ते तसंच परत पाठवायचं नसतं. चिमूटभर साखर घाला, गुळाचा खडा घाला, पण काहीतरी घाला. रंभाबाईनं उभ्या जन्मात कुणाचं भांडं रिकामं दिलं नव्हतं, तर केंद्राचं कसं देईल? तिच्या लेखी भुकूमच्या स्वयंपाकघरातल्या बायका म्हणजे शेजारणीच. कापऱ्या हातांनी ती मला घासायची, मी दगडावर आपटून वाजायचो, मग पदरानं पुसून ती माझ्यात काहीतरी ठेवायची. कधी अळूची पानं, कधी चार मिरच्या, कधी मूठभर तांदूळ, थंडीत पावट्याच्या शेंगा. तिच्या लिंबांचं केंद्रात लोणचं झालं आणि ते बारा घरी फोडी-फोडीनं गेलं. बाकीचे डबे मोकळे खडखडत परतायचे. मी भरलेला यायचो आणि मला त्याचा ताठा होता, हे कबूल करतो.

अशी दोन वर्षं गेली. ती माझी चांगली वर्षं.

मग संस्थेला मदत देणाऱ्या लोकांना आकडे हवे झाले. अनुसयेच्या हातात एक नवा फोन आला. प्रत्येक घरी चार प्रश्न. माणूस भेटलं का? औषध घेतलं का? तक्रार आहे का? डबा रिकामा परत आला का? पुढं दोन चौकोन, हो आणि नाही.

अनुसया दहावी शिकलेली आणि खोटं बोलायला घाबरणारी. तिनं झाकण उघडून पाहिलं. आत अळूची पानं होती.

"आता हितं काय दाबू?" ती स्वतःशीच म्हणाली. "रिकामा तर न्हाई." आणि तिनं 'नाही' दाबलं.

दुसऱ्या दिवशी मिरच्या होत्या, तिनं 'नाही' दाबलं. तिसऱ्या दिवशी लिंबं, 'नाही'. तीन महिने रोज 'नाही'. मी तिच्या दुसऱ्या हातात लटकत सगळं पाहत होतो. मलाही काही कळलं नाही आणि कळलं असतं तरी काय करणार होतो? डब्याला तोंड असतं, पण ते भरण्यासाठी.

तिकडं पुण्याच्या ऑफिसात त्याचा अर्थ निघाला. सतरा नंबरचं जेवण रोज उरतं. बाईंना डब्याची गरज नाही. आणि इकडं डब्यासाठी नाव लावून बसलेली माणसं चाळीसच्या वर.

खात्री करायला उत्कर्षा नावाची मुलगी आली. ऑफिसातली, पंचवीस-सव्वीसची, गोड बोलणारी. भर दुपारी दोन वाजता आली, तेव्हा अनुसया गावात नव्हती. मी घासून कट्ट्यावर पालथा पडलो होतो.

"आजी, जेवण पोटभर असतं ना? की जास्त होतं?"

रंभाबाईला वाटलं, ज्यांचं खाल्लं त्यांचं कौतुक करायची हीच वेळ. "लई असतंय, बाई. दोघांचं हुईल एवढं देत्यात. एकट्या बाईला किती लागतंय?"

तिनं मनापासून स्तुती केली होती. मुलीनं मान हलवली आणि बोटानं काहीतरी टिपलं.

"आणि तब्येत?"

"बरं हाय समदं."

"स्वयंपाक जमतो का थोडाफार?"

आता दारी आलेल्या परक्या मुलीला 'मला जमत नाही' असं रंभाबाई कशी सांगणार? ती उठली आणि गॅसपाशी गेली. लायटर चार वेळा निसटला, पाचव्यांदा पेटला. मुलीची पाठ होती, ती लिंबाच्या झाडाचा फोटो काढत होती. चहा तिच्यापुढं आला तेव्हा बशीत सांडलेला रंभाबाईनं पदरानं आधीच टिपला होता. मुलीनं तो आवडीनं प्यायला. 'चहा स्वतः करतात' असं तिनं लिहून घेतलं, मोठ्यानं म्हणत म्हणत. निघताना रंभाबाईनं तिच्या पिशवीत सहा लिंबं घातली.

"किती गोड आहात आजी तुम्ही!" असं म्हणून ती गेली. त्या आठवड्याच्या शेवटी यादीतून सतरा नंबर कटला.

अनुसया केंद्राच्या आवारात फोनवर भांडली, ते मी ऐकलं. "अवो मॅडम, ती बया रिकामा डबा देत न्हाई कुणाला! भाजी घालती त्यात! जेवन न्हाई उरत!"

पलीकडून उत्कर्षाचा आवाज, "अरे देवा. मग तुम्ही 'नाही' का भरलंत ताई?"

"रिकामा नव्हताच तर 'हो' कसं भरू?"

जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. नवा अर्ज, नवी भेट, नवी मंजुरी, तीन-चार महिने लागतील असं ती मुलगी म्हणाली. ती रडवेली झाली होती. ह्यात एक जरी नालायक माणूस असता तर मला किती बरं वाटलं असतं! शिव्या घालायला तरी कुणी मिळालं असतं.

पुढचे आठ दिवस अनुसयेनं मला घरी नेलं आणि आपल्या घरची भाजीभाकरी घालून रंभाबाईला पोचवली. डबा बंद झालाय हे तिनं सांगितलंच नाही. आठव्या दिवशी चारला ती आली तर रंभाबाई मला मांडीवर घेऊन बसलेली. मे महिना होता. वाफा करपला होता, झाडावर एक लिंबू नव्हतं, तांदळाचा डबा खरवडून झाला होता.

"आज ऱ्हाऊ दे डबा. घालाया काय न्हाई घरात. उद्या ने."

"अवो मावशी, तुमच्या ह्या घालण्यापायीच तर..." अनुसयेनं जीभ चावली.

"काय गं?"

"काय न्हाई. उद्या नेते."

पण उद्या ती आली नाही. तिची फेरी पिरंगुटकडं बदलली होती. तिनं दुसऱ्या कुणाकडून निरोप धाडला, 'डबा थोडे दिवस बंद हाय.' रंभाबाईनं तो ऐकला आणि मला कट्ट्यावर, रस्त्यावरून दिसेल असा ठेवला. रोज किशोरचा फोन यायचा. "डबा आला का?" "आला की. जेवले." पोटात चहा आणि टोस्ट, तोंडात हे. पाच दिवस तिनं हे निभावलं. सहाव्या दिवशी शेजारच्या बंगल्याच्या माळ्याला ती अंगणात पडलेली दिसली.

किशोर आला. तिला पाणी पाजलं, बाजेवर निजवलं. मग त्यानं मला उचलून झाकण काढलं. मी कोरडा ठणठणीत होतो. तो तसाच उंबऱ्यात बसला.

"आई, कधीपासनं?"

तिनं हात पुढं करून मला त्याच्याकडून परत घेतलं. त्या संध्याकाळी गाडीत एक बोचकं, औषधांची पिशवी आणि तिच्या मांडीवर मी. फाट्याशी वळताना तिनं मागं पाहिलं नाही, कारण मान वळवली की तिला चक्कर यायची.

आता मी सूसला असतो, बाल्कनीत. सूनबाई साधना माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. तिचंही काही चुकत नाही. ती सासूला दोन वेळा गरम जेवायला वाढते, हाताला धरून न्हाणीघरात नेते. रंभाबाई वाढलेलं निम्मं खाते आणि बंद दाराकडं तोंड करून बसते. तिला एकच आशा आहे, की डबा सुरू झाला की आपण परत जाणार.

गेल्या महिन्यात किशोर बाल्कनीत येऊन साधनाशी हळू आवाजात बोलला. घर किशोरच्या नावावर होतं, ते शेजारच्या बंगलेवाल्यानं विकत घेतलं. भिंती पाडल्या, कडेनं पत्रे ठोकले. "आईला सध्या नको सांगू," तो म्हणाला आणि कठड्याला डोकं टेकून उभा राहिला.

तुमच्या गावात असं केंद्र असेल तर माझी एक विनंती आहे. म्हातारं माणूस 'जास्त होतं' म्हणालं तर त्याच्या शेजारी बसून एकदा त्याला जेवताना बघा. बघाल असं मला वाटत नाही. तुम्हालाही पुढच्या घरी जायची घाई असणार.

आज दुपारी फोन वाजला. अनुसयेचा. साधनानं तो रंभाबाईच्या कानाशी धरला, स्पीकरवर. रंभाबाई सूसला गेल्याचं अनुसयेला कळलं होतं, पण तरी ती आनंदानं ओरडत होती. "मावशी, मंजूर झाला डबा! नाव आलं तुमचं यादीत!"

रंभाबाई उठून उभी राहिली. "खरंच? किशोरला सांगते. रविवारी सोडील त्यो मला." मग तिनं विचारलं, "तू जाती का गं तिकडनं? माझं घर दिसतंय का रस्त्यावरनं?"

अनुसया आता पुन्हा त्याच रस्त्यानं जाते. तिनं पत्रे पाहिलेत, मंजुरीच्या आनंदात ती ते विसरली होती. 

"दिसतंय की मावशी," अनुसया म्हणाली. "दिसतंय."

रंभाबाई आत जाऊन बोचकं बांधायला बसली आहे. दोन लुगडी घडी घालून झाली, तिसऱ्याचे काठ तिच्या कापऱ्या हातात जुळत नाहीत. साधना दारात उभी राहून बघतेय. किशोर ऑफिसातून यायला अजून चार तास आहेत.

बरंय, येतो मी. धुण्याचं मशीन थांबलंय, साधनाला आता चिमटे लागतील.