ब्लूमाचा हात

मी कॉफीचा बंब बोलतोय. शिकागोच्या उत्तर भागातल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या तळघरात माझं सारं उमेदीचं आयुष्य गेलं. अंग स्टीलचं, पोट मोठं, खाली काळ्या मुठीची तोटी. तोटी पहिल्यापासून जरा गळकी होती. तिच्याखाली ठेवलेल्या बशीवरून बायकांची कितीदा तरी वादावादी झाली, पण ती दुरुस्त काही कुणी केली नाही.

सिनेगॉगच्या बायकांनी घरचे केक विकून मला आणलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मला चालू करायचं आणि शनिवार संध्याकाळपर्यंत मी पाणी गरम ठेवायचं, एवढंच माझं काम. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस; कुणी विस्तव पेटवत नाही, बटण दाबत नाही. म्हणून त्या दिवशी मला फार मान असे. कुणाकडे मयत झाली की मला गाडीत घालून त्या घरी नेत. शोकाचे सात दिवस मी तिथल्या ओट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी देई.

पण माझा खरा जीव रमला तो मंगळवारी. मंगळवारी संध्याकाळी तळघरात न्यायमंडळ, म्हणजे शेजाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांचं मंडळ, जमायचं. एका कडक हिवाळ्यात शेजारच्या घरमालकानं भाडेकरूंची घरं गरम ठेवणारी शेगडी बंद केली, तेव्हा दोन मैत्रिणींनी हे मंडळ काढलं. एक ब्लूमा लेफ्कोविच. ही मुलांच्या बुटांच्या दुकानात काम करायची. दुसरी फेगेल लुबार्स्की, शाळेत गणिताची बाई. ब्लूमा मऊ बोलायची, फेगेलची जीभ म्हणजे सुरी. "आपणही मिसर देशात परके होतो, हे दरवर्षी सणाला वाचायचं आणि शेजारी कुडकुडला की पडदा ओढायचा, हे कुठलं शहाणपण?" असं फेगेल म्हणाली आणि मंडळ सुरू झालं.

धर्मगुरू जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणायचे, "प्रार्थनेच्या जागी राजकारण नको हं. तळघरात काय चालतं ते मला ऐकू येत नाही." आणि जाताना माझ्याकडून एक पेला भरून घ्यायचे.

वॉर्डाची निवडणूक आली की मंडळ उमेदवारांना बोलवायचं. प्रश्न विचारायचं, मग त्यांना जिन्यात बसवून आपसांत भांडायचं आणि शेवटी हात वर. तीनात दोन हात मिळाले तर पाठिंबा. मंडळाचा पाठिंबा म्हणजे जिने चढणारे पाय. भर फेब्रुवारीत, नाक गोठेल अशा थंडीत, ही माणसं दारोदार जायची. कुणाशी यिडिश बोलायची, कुणाशी रशियन. म्हणून उमेदवार त्यांना वचकून असत.

सत्त्याऐंशी सालच्या निवडणुकीत दोघं आले. एक अर्व्हिंग झेल्निक, आमचे तीन वेळचे नगरसेवक आणि ब्लूमाचे सख्खे धाकटे भाऊ. आल्या आल्या त्यांनी ताटातला मासा तोंडात टाकला.

"ब्लूमी, हे हेरिंग कुणी आणलं? फार खारट आहे."

"खारट तुझी जीभ आहे, अर्व्ही. गप बस तिथे. आज मी तुझी बहीण नाही, अध्यक्ष आहे."

सगळे हसले.

दुसऱ्या ओडेसा ब्रॅमलेट. या काळ्या समाजातल्या बाई इस्पितळात परिचारिका होत्या. कोपऱ्यावरच्या लाल विटांच्या इमारतीत राहत. त्या इमारतीतली बिऱ्हाडं काढून मालकाला महागडे फ्लॅट विकायचे होते, आणि अर्व्हिंगनी सभागृहात त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. बाईंनी भाडेकरूंना एकत्र केलं, कोर्टात गेल्या. अर्ध्या लोकांची घरं वाचली, अर्ध्यांची गेली.

अर्व्हिंग म्हणाले, "बारा वर्षांत एकदा तरी तुमच्या दारातला बर्फ उचलायचा राहिला का? सांगा!"

ओडेसाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेबांचं खरं आहे. रस्ता अगदी स्वच्छ होता. आमच्या शेजाऱ्यांचं सामान त्याच रस्त्यावर मांडून ठेवलं होतं."



दोघं जिन्यात गेल्यावर भांडण पेटलं. म्हातारे गेल्बकाका उठले. "आपल्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, ते दिवस मी पाहिलेत. आपला एक माणूस सभागृहात गेला, आणि आता आपणच त्याचे पाय ओढायचे?"

"अर्व्हिंग आपला, मान्य," फेगेल म्हणाली. "मग त्या इमारतीतली माणसं कुणाची, काका?"

ओडेसाबाईंसाठी हात वर करायची वेळ आली. त्या क्षणी ब्लूमा उठली, पेल्यांनी भरलेला ट्रे दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे आली. माझ्याकडे तोंड, खोलीकडे पाठ. मला तिचा चेहरा दिसत होता. खोलीतल्या कुणालाच दिसत नव्हता.

फेगेलनं हात मोजले. एक हात कमी पडला.

अर्व्हिंगनाही तीनात दोन हात मिळाले नाहीत; कुणालाच पाठिंबा नाही. ओडेसाबाईंना आत बोलावून सांगितलं. त्यांनी कोट चढवला, बटणं लावली आणि म्हणाल्या, "कॉफी छान होती." थोडक्या मतांनी त्या पडल्या. त्यानंतर लाल इमारतीतली उरलेली बिऱ्हाडंही एकेक करून गेली.

फेगेल मंडळात येत राहिली, पण ब्लूमाशी बोलेना. एकीनं कॉफी ओतली की दुसरी चहा घ्यायची. पूर्वी दोघी सभेनंतर माझ्याजवळ उभ्या राहून तासन्तास हसायच्या. मला तो आवाज फार आठवायचा.

पुढे ब्लूमाचे यजमान नेथन वारले. मला तिच्या घरी नेलं. अर्व्हिंग सातही दिवस बहिणीशेजारी ठेंगण्या स्टुलावर बसून होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. आल्यागेल्याला दार तेच उघडत. तिसऱ्या दिवशी फेगेल आली, शेवयांचा गोड कुगेल घेऊन. कुणाशी न बोलता स्वैपाकघरात शिरली आणि पेले विसळायला लागली. मागून ब्लूमा आली.

"राहू दे गं. पुष्कळजणी आहेत."

"त्या पुष्कळजणींना पेले धुता येत नाहीत." मग नळ बंद करून फेगेल म्हणाली, "एकच सांग. त्या दिवशी हात रिकामे असते, तर वर गेला असता?"

"गेला असता," ब्लूमा म्हणाली. "म्हणून तर ट्रे धरला."

फेगेलनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "बस खाली. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." आणि तिनं कुगेल कापला.

एक्याण्णवला पुन्हा तेच दोघं उभे राहिले. ओडेसाबाई आता दुसऱ्या भाड्याच्या घरातून. ब्लूमानं अध्यक्षपद आधीच सोडलं होतं. चर्चेला तोंड फुटायच्या आत ती उठली. अर्व्हिंग अजून दारातच होते, जिन्यात गेले नव्हते. थांबावं, ते बाहेर जाईपर्यंत, असं फेगेलनं खुणावलं. ब्लूमानं नकारार्थी मान हलवली.

"ऐकू दे त्याला. पाठीमागे बोलायचं नाही मला. अर्व्ही माझा भाऊ आहे. नेथन गेला तेव्हा सात दिवस त्यानं मला एकटं सोडलं नाही. उद्या मी आजारी पडले तर सूप घेऊन तोच धावत येईल. पण वॉर्ड म्हणजे काही माझं माहेर नव्हे. माझा हात ओडेसाबाईंना."

अर्व्हिंगनी टोपी डोक्यावर घातली. "सूप विसर आता," म्हणाले आणि जिना चढून गेले.

पाठिंबा मिळाला. ब्लूमा स्वतः जिने चढली, गुडघे धरत. ओडेसाबाई निवडून आल्या. विजयाच्या संध्याकाळी तळघरात नाच झाला, पोरांनी बाईंना खुर्चीसकट उचललं. ब्लूमा माझ्याशेजारी भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होती, आणि मधूनच दाराकडे बघत होती.

भाऊ-बहिणीचं शुक्रवारचं जेवण बंद पडलं ते कायमचंच. फक्त एकदा ब्लूमाला न्यूमोनिया झाला, तेव्हा कुणीतरी दारात सुपाचं पातेलं ठेवून, घंटा वाजवून निघून गेलं. बरी झाल्यावर हे तिनं माझ्याजवळच फेगेलला सांगितलं. "मीठ घालायला विसरला होता गं गाढव," असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मी भरल्या पोटानं ऐकत राहिलो. आम्हा बंबांना दुसरं काय येतं?

ब्लूमा गेली त्या वर्षी मंडळात एक म्हातारा आला आणि शेवटच्या रांगेत बसला. नव्या पोरांनी ओळखलं नाही. फेगेलनं ओळखलं. समोर एक तरुण, सुटातला उमेदवार होता. म्हाताऱ्यानं हात वर केला. "बर्फ उचलशील हे कळलं, बाळ. मीही उचलायचो. घरमालकानं बिऱ्हाड काढलं तर त्या रात्री त्या माणसांना कुठे झोपवशील, ते सांग."

पोरगा समोरचे कागद चाळायला लागला. अर्व्हिंग उठून माझ्याकडे आले, तोटी फिरवली. फेगेल म्हणाली, "साखर डावीकडे आहे." त्यानंतर ते एकही मंगळवार चुकले नाहीत.

आता ते नाहीत, फेगेलही नाही. सिनेगॉगची इमारत विकली गेली. मंडळाची सभा निम्मी संगणकाच्या पडद्यावर भरते, निम्मी रस्त्यावरच्या एका छोट्या कार्यालयात. पोरं चांगली आहेत, तावातावानं भांडतात, पण प्रत्येकाची आपापली पाण्याची बाटली असते. माझ्या तळाची तार जळून बरीच वर्षं झाली. मोडीत देणार होते. कुणाच्या तरी मनात आलं आणि मला दाराशी उभं केलं. माझ्या पोटात आता प्रचाराच्या फलकांच्या काठ्या असतात.

कधी कधी जुनी वाफ आठवते. काचा धुरकट व्हायच्या, ओल्या लोकरी कोटांचा वास यायचा, आणि एका खोलीत इतकी माणसं एकमेकांवर रागावून बसलेली असायची की तळघर उबदार व्हायचं.

निवडणूक पुन्हा जवळ आली आहे. बाहेर बर्फ पडतोय. या, हातमोजे घालून या. गरम काही देणं आता माझ्या हाती नाही. पण काठ्या सगळ्या तुमच्यासाठीच आहेत. एकेक उचला आणि मला रिकामा करून जा.