पोटरीवर उठलेली बोटं

सगुणच्या अंगणात अर्धं पार्से गाव जमलं होतं. खाटेवर त्याची बायको चंद्रावती तापाने कण्हत होती. तिची पोटरी लालभडक सुजली होती आणि सुजेतून लाल रेघा मांडीकडे चढल्या होत्या, कुणी पाय घट्ट धरल्यावर बोटं उठावीत तशा.

मंतरणाऱ्या भिकाजीने पोटरीला हळद चोपडली, तांब्यातलं नितळ पाणी शिंपडलं आणि पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडकं रक्तासारखं लाल झालं. बायका मागे सरकल्या.

"विनोदिनीन धरल्यान हा," भिकाजी म्हणाला. "दवाखान्यात न्हेलास तर वाटेतच ओढतली."

विनोदिनी म्हणजे सगुणची पहिली बायको, परसातल्या विहिरीत पडून गेलेली. मी शेजारी, शाळेत विज्ञान शिकवणारा. तरी माझी नजर विहिरीकडे गेलीच.

विनोदिनीची मुलगी सिद्धी दारात उभी होती. ती पुढे आली, त्याच वाटीतली हळद तिने स्वतःच्या हाताला फासली.

"काका, माझ्यावरही शिंपडा."

"बाय, हो खेळ न्हय," म्हणत भिकाजीने तांब्या मागे घेतला. तिने तो ओढून पाणी हातावर ओतलं. हात लाल झाला.

"माझी आवय माका पण धरता?" तिने विचारलं.

मी तांब्यात पाहिलं. तळाशी पांढरा गाळ होता.

"चुना," मी म्हणालो. "चुन्याच्या निवळीने हळद लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावला की होतो तसा."

"मगे ही बोटां?" सगुणने पोटरीवरच्या रेघांकडे हात केला.

"तो आजार आहे. गाडी काढ."

पेडण्याच्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रावतीच्या पायाची बोटं फाकवून दाखवली. शेतातल्या चिखलाने तिथली कातडी चिरली होती; तिथून जंतू आत शिरले होते. लाली पसरते का ते कळावं म्हणून त्यांनी तिच्या कडेने पेनाने रेघ ओढली, शिरेतून औषध सुरू केलं, पाय उशीवर उंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या किंचित बाहेर गेली होती. "सोडीत नाय ती," सगुण पुटपुटला. "औषधाला थोडा वेळ द्या," बाई म्हणाल्या, "पसरतच राहिली तर औषध बदलू." मग ताप उतरला आणि लाली हळूहळू रेघेच्या आत आली.

घरी आल्यावर चंद्रावती सिद्धीला म्हणाली, "बायो, तापात माका परसातल्या बावडेतसून हाक आयकू येय. तुझ्या आवशीची. माका खरां वाटलां."

सिद्धीने सावत्र आईच्या पायाची बोटं धुऊन नीट कोरडी केली, उरलेल्या गोळ्यांतली एक तिच्या हातावर ठेवली. बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या होत्या.

अशा हाका तापच ऐकवतो. कातडी लाल, गरम, दुखरी होऊन पसरू लागली, ताप भरला, रेघा वर चढल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. उशीर झाला तर जंतूंचं विष रक्तात भिनतं, माणूस दगावू शकतो. आणि मेलेल्या बाईला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती आपण मांडायची असते.