झोपलेल्या वाघाची तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. फोनोवर, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर लावायची, गाण्याची. काळीकुळकुळीत आणि गोल. कळंबच्या एका लग्नात एका बाईनं मला हातात घेऊन शेजारणीला विचारलं होतं, "हिच्यावर भाकरी फुगंल का गं?" तिला काय सांगणार! मी लाखेची. आच लागली की माझी खीर होते. हे लक्षात ठेवा, पुढं एक माणूस याच्यापायी अडकणार आहे.

लाख म्हणजे रानातल्या किड्यांची करामत. म्हणजे मी जन्मानं रानातलीच. कारखान्यात लाख, दगडाची पूड आणि काजळी एकत्र रगडली, गरम साच्यात दाबली, की झाले मी. साच्यानं माझ्या दोन्ही अंगांवर बारीक रेघेची गुंडाळी उमटवली. त्या रेघेत एका सिंफनीचा तिसरा भाग भरलाय. सिंफनी म्हणजे काय, तर पाचपन्नास वाजवणारे एकत्र बसतात आणि एकही शब्द न बोलता चार भागांत एक लांबलचक गोष्ट सांगतात. त्यातल्या माझ्यासारख्या तिसऱ्या भागाला स्केर्झो म्हणतात. स्केर्झो म्हणजे थट्टा. मस्करी. नाव तर छान आहे, नाही का?

मला कर्जतला आणलं एका गोऱ्या ड्रायव्हरसाहेबानं. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं लागतात, त्यातलं एक तो चालवायचा. साहेबाचं एक वेड होतं. सिंफनी कुठलीही असो, त्याला आवडायचा तो तिसरा भागच. त्याची स्वयंपाकीण मोतीबाई भांडी घासत असायची आणि तो तिला समजावत बसायचा, "मोटी, पहिला भाग उपदेश करटो. दुसरा रडटो. चौठा छाटी फुगवटो. टिसरा आपला डोस्ट!" मोतीबाई म्हणायची, "व्हय साहेब," आणि पातेलं घासत राहायची.

त्याच्या कपाटात आम्ही सगळे थट्टेखोर एका ओळीत उभे असायचो. एक स्केर्झो आंब्यावरच्या खारीसारखा तुरुतुरु पळायचा. एकात गावकरी पिऊन नाचतायत आणि त्यांचा वाजवणारा ताल विसरून भलतीकडेच शिरतोय असं वाटायचं. साहेब ते ऐकून पोट धरून हसायचा. माझ्या वेळी मात्र हसायचा नाही. खुर्ची भिंतीला टेकवायचा, पाठीमागं कुणी येणार नाही अशी.

कारण माझी थट्टा वेगळी आहे. पहिल्या बाजूला माणसाएवढी मोठी व्हायोलिनं जमिनीलगत दबकत येतात. थांबतात. वास घेतात. मग एकदम पितळी भोंगे गरजतात. मध्ये थोडी गमतीची पळापळ होते, माणूस हुश्श करतो, आणि पहिली बाजू संपते. मला उलटलंत की तेच पुन्हा येतं, पण आता गर्जना नाही. बोटांनी तारा टिचकवत, चवड्यांवर, तेच जनावर परत येतं. शेवटी फक्त ढोलाची बारीक टकटक उरते. टक्. टक्. आणि मी संपते. गोष्ट संपत नाही, मी संपते. ते जनावर जातं पुढच्या तबकडीत. तिथं सगळे वाजवणारे एका दमात उठतात आणि लख्ख ऊन पडल्यासारखं वाजवतात. म्हणून साहेब माझ्यामागून पुढची तबकडी लगेच चढवायचा. "हा जनावर आला, मोटी, टर घालवायचा पण!"

साठ सालाच्या आगेमागे साहेब त्याच्या मुलखात गेला. फोनो आणि तबकड्या मोतीबाईला मिळाल्या. तिला आमचं काय करायचं होतं? एकदा झाकण सापडेना, म्हणून तिनं ती पुढची तबकडी चुलीवरच्या दुधावर ठेवली. तबकडी वाकली, भांड्यात उतरली आणि दूध काळं झालं. मोतीबाईनं दूध मांजरीला घातलं. मांजर प्यायली नाही.

मग आला चांगो. कळंबचा स्पीकरवाला. लग्नात, पूजेला, बारशाला भोंगा बांधायचा. मिशा पिकायला लागल्या होत्या, पण खोड्या कोवळ्याच. नवरदेवाच्या घोड्याला भोंग्यातून खिंकाळून दाखवणारा हा इसम. त्यानं आम्हाला सगळ्यांना मोतीबाईकडून उचललं. "ही लावली की म्होरली लगेच लावायची, साहेब सांगायचा," मोतीबाई म्हणाली. "पन म्होरली दुधात गेली."

"जाऊं दे गं, मावशी. मला कुठं साहेब व्हयाचंय?"

माझ्यावरचं नाव वाचायला चांगोनं मला शाळेतल्या नामा मास्तरांकडं नेलं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "शे... र... झो." बराच विचार केला. "शेर म्हणजे वाघ. आणि झो म्हणजे, हं, झोप. पुढची अक्षरं उडालेली दिसतात. झोपलेला वाघ!"

"आस्सं?" चांगोच्या डोळ्यांत दिवा लागला. "मंग उठवूया की त्याला!"

मित्रांनो, मस्करी या शब्दाचा वाघ असा झाला. आता ऐका तो कुणाला भेटला.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, लेण्यांच्या वाटेवर, ठाकरांची एक छोटी वाडी आहे. तिथं दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. एका माणसानं वाघ व्हायचं. अंगाला राख, वर कोळशाचे पट्टे. वाडीनं त्याला आरडाओरडा करत, गोवऱ्या फेकत, ओढ्यापलीकडं हाकलायचं. तो लेण्यात जाऊन बसतो. मग सगळ्यांनी एका आवाजात ओरडायचं, "वाघ गेला!" हे ऐकू आलं की त्यानं ओढ्यात आंघोळ करायची आणि पुन्हा माणूस व्हायचं. ओरडल्याशिवाय नाही. वर्षभर गुरांना वाघाची बाधा नको, म्हणून हे.

वाघ व्हायचा लडकू. गुराखी. शांत, सुपारीसारखा कडक माणूस. त्या वर्षी चांगो फोनो घेऊन वर गेला आणि माझी पहिली बाजू लावली. भोंगे गरजले तशी पोरं आयांच्या पदरात शिरली. लडकू पट्ट्यांआडून हसला. "चांगोशेट, माज्यापरीस तुमचा वाघ बेस हाय!"

लडकूची आई कोंडी एवढीशी म्हातारी, पण वाडी तिच्या शब्दावर चालायची. चांगो मला उलटायला लागला तशी तिनं काठी आडवी घातली. "ऱ्हाऊं दे. तवा पालथा नाय घालायचा. वाघ आला, गरजला, आता हाकलूं दे."

पण चांगोच तो! त्याला थांब म्हणणं म्हणजे पळ म्हणणं. लडकूला ओढ्यापलीकडं पिटाळत असताना हा आडवाटेनं लेण्यात पोचला आणि एका अंधाऱ्या खोलीत फोनो मांडून बसला. मावळतीचं ऊन गेलं होतं. ओढ्याच्या काठी वाडी ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं माझ्या दुसऱ्या बाजूवर सुई टेकवली.

लेणं केवढं घुमतं, तुम्हाला सांगते! मला स्वतःला माझी भीती वाटली. टिचक्या मारत ते जनावर दगडाच्या खांबांमधून परत निघालं. काठावरच्या लोकांनी ऐकलं. टक्. टक्. टक्. उघडलेली तोंडं उघडीच राहिली. मग एक बाई पळाली, मग सगळे पळाले. लेण्यात येऊन बसलेल्या लडकूसमोर चांगो जमिनीवर लोळून हसत होता.

"लडक्या, आंघोळ कर रं! पळाली तुजी वाडी!"

लडकू हसला नाही. "वरडलं नाय कोन," तो म्हणाला. तेवढंच. आणि राखेच्या अंगानं बसून राहिला.

चांगोला वाटलं, उद्या विसरतील. विसरले नाहीत. वाडीनं वाघ बोलावला होता आणि घालवला नव्हता. वाडीतल्या गजानं आपल्या म्हशी लडकूकडून काढून घेतल्या. "म्हशी बुजतात रं तुला," म्हणाला, डोळ्याला डोळा न देता. पुढच्या पावसाळ्यात खालच्या वस्तीतून शेळ्या जायला लागल्या. बिबट्या नेतो, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शेळी गेली की लोक आधी लडकूच्या खोपटाकडं बघायचे. त्याची बायको आवडी भाकरी दगडावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. लडकूनं सारखं अंग धुतलं. राख गेली, पट्टे गेले. कुणी जवळ आलं नाही.

चांगो वर गेला. खरं सांगायचं तर आता त्यालाही हसू येत नव्हतं. "आजे, मी वरडतो की! वाघ गेला! वाघ गेला!"

"तुज्या वरडन्यानं कुत्रं बी जायाचं नाय," कोंडी म्हणाली. "तुज्या ताटलीनं वाघ आनला. त्याला घालवनारी ताटली कुठं हाय?"

"ती... दुधात गेली."

कोंडीनं काठीचं टोक त्याच्या छातीला लावलं. "मंग तूच व्हय वाघ. म्होरल्या बारशीला तुला हाकलूं. ह्याच्यातला तुज्यात यील, ह्यो सुटंल."

"येवढंच ना?" चांगोचा जीव भांड्यात पडला. "आनि मला कोन सोडवंल?"

"वरडूं की."

पुढच्या वाघबारशीला चांगोनं राख फासली, पट्टे ओढले. हौस अशी की स्वतः गुरगुरून पोरांच्या अंगावर धावला. फोनोही आणला होता, आपल्या मिरवणुकीला बाजा हवा म्हणून. मी त्याच्या पेटीत होतेच. गोवऱ्या बसल्या, चांगो फोनो काठावरच सोडून ओढा ओलांडून लेण्यात गेला. मग वाडी लडकूकडं वळली आणि छाती भरून ओरडली, "वाघ गेला!" लडकू ओढ्यात उतरला. वर आला तेव्हा आवडीनं त्याच्या हातात भाकरी दिली. हातात, दगडावर नाही. भाकरी धरून तो तसाच उभा राहिला. खाणं सुचेना त्याला.

आता दुसरी आरोळी, चांगोसाठी. कोंडीनं हात वर केला.

"थांब, माय," लडकू म्हणाला.

तो फोनोजवळ आला. चावी दिली. मला उचललं, हलक्या हातानं, आणि पालथी घातली. मित्रांनो, स्केर्झोचा कायदाच आहे: थट्टा परत येते, आणि परत येताना दबक्या पावलानं येते.

लेण्यातून चांगोचं हसू ऐकू आलं. "लडक्या! माजीच मस्करी मला व्हय रं!"

टक्. टक्.

"बेस! बेस जमलं! आता वरडा!"

टक्.

"आरं वरडा की!"

मी संपले. सुई नुसती खरखरत राहिली. वाघ पुन्हा आला होता, आता नुसत्या ओरडण्यानं जाणार नव्हता. वाडी एकेक करून वर चालू लागली. कोंडीचा हात अजून वरच होता. मग तोही खाली आला.

चांगो जिवंत आहे. लग्नाला भोंगे बांधतो, खालापूरच्या बाजारात मासळीवरून भांडतो. गाव हसतं, शहाण्यासुरत्या माणसाला कुणी वाघ करतं होय? पण त्याचा कुत्रा त्याच्या पायाशी येत नाही. आणि धोंडूबाई, त्याची बायको, ताट ठेवते आणि दोन पावलं मागं सरते. तिला कुणी शिकवलं नाही हे. दर वाघबारशीला तो वाडीच्या वाटेवर उभा राहून विचारतो, "आवंदा वरडनार का रं?"

लडकू म्हशी वळवत, न थांबता म्हणतो, "म्होरली ताटली आना, चांगोशेट."

मला चांगोनं पोटमाळ्यावर टाकलंय, दुसरी बाजू वर करून. धूळ बसते, उंदीर फिरतात. एकेकाळी साहेब मला रेशमी रुमालानं पुसायचा. तेव्हा मित्रांनो, एक मागणं. घरात जुनी तबकडी असेल तर तिला उन्हात टाकू नका, भांड्यावर झाकू नका. पुसा, आणि एकदा लावून बघा. सगळे वाजवणारे एका दमात उठले आणि लख्ख ऊन पडलं, तर ती माझ्या पुढचीच, दुधात गेली तिची जुळी. घेऊन या कळंबला. जरा लवकर या. हल्ली माझ्यावर सुई नसतानाही पोटमाळ्यात टकटक ऐकू येते, आणि खाली चांगो खुर्ची भिंतीला टेकवतो.