हातचा अर्धा मीटर

"साडेबारा लिहायला शाई जास्त लागते का हो, काका?" व्यवस्थापकांनी कोरा तक्ता टेबलावरून पुढे सरकवला.

"शाई तेवढीच लागते साहेब. बाकीचंच जास्त लागतं."

बंदरात त्यांना हातचेकाका म्हणत. एकतीस वर्षं दर सोमवारी सकाळी ते लाँच घेऊन धक्क्यापाशी पाण्याची खोली मोजत आणि आलेल्या आकड्यातून अर्धा मीटर हातचा राखून उरलेला आकडा तक्त्यात भरत. साडेबारा भरले, तर लिहायचे बारा. रीत त्यांच्या आधीच्या मोजणीदाराची. "गाळ काय तुला विचारून येतो? त्याच्यासाठी जागा सोडत जा," असं तो सांगे. पुढे यंत्र आलं, पडद्यावर आकडे उमटू लागले, तरी काकांची शिसं बांधलेली दोरी सुटली नाही. यंत्राचा अपमान नको म्हणून आधी यंत्र, मग दोरी.

प्रश्न होता दर बुधवारच्या जहाजाचा. निम्मं बंदर त्यावर पोट भरत होतं. कंपनी आता त्याच्या जागी मोठं जहाज आणणार होती आणि त्याला साडेबारा मीटर पाणी हवं होतं. खाडीपलीकडच्या नव्या बंदराने आपल्या तक्त्यात साडेतेरा छापले होते. शिवाय तिकडचे दर कमी. ते पाहून यांनी दर उतरवले, मग त्यांनी आणखी उतरवले, आणि दोघांच्या या चढाओढीत, म्हणजे उतराओढीत, कंपनीचा एजंट मात्र दोन्हीकडचा चहा पिऊन टुणटुणीत झाला होता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल बघत होता.

"मला पाण्याशी देणंघेणं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "शुक्रवारी दोन्ही बंदरांचे तक्ते वर पाठवायचे. वरच्यांनी समुद्र कधी पाहिलाय की नाही, देव जाणे. ते आकडा बघतात."

"आणि पाणी आहेच ना साडेबारा?" व्यवस्थापक म्हणाले. "मी कुठे खोटं लिहायला सांगतोय? खरं लिहा म्हणतोय."

पंचाईत तिथेच होती. खोटं लिहायला सांगितलं असतं, तर काका ताडकन उठून गेले असते आणि पुढची पाच वर्षं तो प्रसंग लोकांना ऐकवला असता. पण खरं लिहायला सांगणाऱ्या साहेबाचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट त्यांनी दहा वर्षं पोटात ठेवली होती. लाँचच्या वायरलेसवर एक कप्तान दुसऱ्याला सांगताना त्यांनी ऐकला होता : "इथलं बारा म्हणजे साडेबारा. मोजणारा हातचा राखतो. माल भरा बिनधास्त." म्हणजे हातचा केव्हाच खर्ची पडला होता. काकांच्या सावधपणाच्या भरवशावर जहाजं जास्तीचा माल भरून अर्धा मीटर आणखी खोल बसत होती. उद्या तक्त्यात साडेबारा आले, की कप्तान मनात तेरा धरणार. आणि तेरा मीटर पाणी तिथे नव्हतं.

त्यांनी आज ते सांगून टाकलं. "तेव्हा साडेबारा लिहितो. पण खाली एक ओळ घालीन, यात हातचा काही नाही."

एजंट हसला. "काका, दुकानदार पाटीवर लिहितो का, 'मालाची खात्री नाही' म्हणून?"

"ती ओळ वाचली की वरचे म्हणणार, एवढी धाकधूक आहे तर पलीकडचं बंदर बरं," व्यवस्थापक म्हणाले. "घरी जाऊन विचार करा."

घरी विचार आधीच येऊन बसला होता. जावई याच धक्क्यावर क्रेन चालवत असे. जेवताना तो म्हणाला, "मामा, धक्क्यावर म्हणतायत, आमच्या चारही क्रेन तुमच्या पेनात अडकल्यात."

"आकडा देतोय की मी."

"एका ओळीसाठी, बाबा?" मुलगी म्हणाली. "जहाज गेलं तर यांना पलीकडे जावं लागेल. मग आम्हाला पण."

"अगं, यांनी लग्न ठरताना वयसुद्धा दोन वर्षं हातचं राखून सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "आता सुधारतील होय?"

सगळे हसले. मुलगी हसली नाही.

काकांनी जावयाला विचारलं, "जहाज तळाला टेकून कललं, तर तुम्ही कुठे असता?"

"वर. केबिनमध्ये."

"आणि खाली, त्या कंटेनरच्या रांगांमध्ये कोण असतं?"

जावयाने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

शुक्रवारी काकांनी साडेबारा लिहिले आणि खाली ती ओळ. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला, पण ओळ खोडली नाही. हे त्यांच्या नावावर जमा धरायला हवं.

अकरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. बुधवारचं जहाज पलीकडे जाणार होतं. पत्रात त्या ओळीचा उल्लेख नव्हता, पाण्याचाही नव्हता. पलीकडच्यांनी दरात आणखी सूट दिली, एवढंच होतं. पण धक्क्यावर पत्र कोण वाचतो? ओळीपायी जहाज गेलं, असं ठरलं ते ठरलं. कॅन्टीनमध्ये काकांच्या टेबलाशी खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

जावयाला महिन्याभरात पलीकडे काम लागलं, पगारही थोडा जास्तच. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मुलगी म्हणाली, "दर रविवारी येऊच की." सुरुवातीला आले.

बंदराला गाळ काढणं परवडेना. पूर्वी मोठ्या जहाजांचे पंखे तळ ढवळत. आता गाळ खुशाल मांडी ठोकून बसला. सोमवारमागून सोमवार खोली घटत गेली.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या सोमवारी यंत्राने बारा दाखवले. काकांनी दोरी सोडली. तिनेही बाराच सांगितले. पलीकडच्या तीरावर क्रेन हलत होत्या. त्यातली जावयाची कोणती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

लाँचवाल्याने पेन काढलं. "बारा लिहू?"

"साडेअकरा लिही."

"आता हातचा कशाला काका? कोण येणार आहे इथे?"

"गाळ," काका म्हणाले, आणि शिशाचा गोळा फडक्याने कोरडा करून दोरी गुंडाळू लागले.