टर्बोतली काळी खपली

ठरलं असं होतं: गाडीतला टर्बो जुना निघाला, तर तिनं स्वतः भावाला फोन करून सांगायचं की या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. "आणि नवा निघाला तर मी त्याची माफी मागेन," नवरा म्हणाला होता. तो हे इतक्या सहज म्हणाला, की माफीची वेळ येणार नाही याची त्याला खात्री होती हे उघड होतं. तिला उलटी खात्री नव्हती, आणि तेच तिला सलत होतं.

भाऊ गाड्यांचे सुटे भाग विकायचा. सहा फुटी गडी, पण घरात सगळे त्याला टिल्लूच म्हणत. टर्बो त्यानंच आणून दिला होता. "कोरा करकरीत आहे, ताई," म्हणाला होता, आणि वर्ष उलटायच्या आत गाडी निळा धूर ओकू लागली. घराअलीकडच्या टेकाडाचा चढ तिला जाईना. नवऱ्यासमोर ती टिल्लूची बाजू घेऊन भांडली. मनात मात्र आठवत राहिलं, लहानपणी याच टिल्लूनं तिच्याच गोट्या तिलाच दोनदा विकल्या होत्या.

रविवारी सकाळी दोघांनी शेडमध्ये बॉनेट उघडलं. बाहेर न्यायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं, कारण गॅरेजवाला टिल्लूच्या ओळखीचा. नट सुटेल तसा ती तो बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात ठेवत होती. कोणता नट कुठला, हे नंतर आठवत बसायला नको.

"तेलाची नळी मी सोडते," ती म्हणाली.

"मी सोडतो. तू धर."

"का? मी पुरावा पुसेन?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणायला कशाला हवं?"

शेवटी नळी तिनं सोडली आणि त्यानं तिच्या हाताकडे पाहत इंजिन फिरवलं. तेल बाटलीत जोरात पडलं, आणि तेही स्वच्छ. म्हणजे टर्बोला तेल पोचत होतं. ही एक शंका मिटली. मग टर्बो काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला. मुठीएवढा पंखा, एकाच दांड्यावर दोन बाजूंना दोन चाकं. इंजिनचा गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं, आणि मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. उघडण्याआधी तिनं जोडावर नेलपॉलिशची रेघ ओढली.

"रंगरंगोटी कशाला?"

"परत बसवताना तोंड वाकडं व्हायला नको. तुझं झालंय तसं."

तो हसला नाही. भिंग घेऊन तो पात्यांवर वाकला. त्याला झिजलेल्या कडा हव्या होत्या, आणि खोडलेला नंबर. तिनंही श्वास रोखला होता. पण पात्यांच्या कडा धारदार होत्या, नंबर ठसठशीत होता, तोल साधायला कारखान्यात घासलेल्या खुणाही शाबूत होत्या. माल नवाच होता. बिचाऱ्या टिल्लूवर आपण मनातल्या मनात किती तोंडसुख घेतलं, हे आठवून तिचे कान तापले.

"मग दांडा अडकतोय कशानं?" नवरा चाक बोटानं फिरवून पाहत म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

तिनं मधला भाग उजेडात धरला. आत काळी, कडक खपली होती, भांड्याच्या तळाला दूध करपून धरावं तशी. धुराकडचं टोक निळं पडलं होतं. तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं खपली खरवडली.

"हे तेल वाहताना जळलेलं नाही. थांबल्यावर जळलंय. चढ चढून टर्बो लाल झाला आणि इंजिन लगेच बंद केलं, की तेल आत जागच्या जागी करपतं. टिल्लूनं बजावलं होतं, चढानंतर गाडी थोडा वेळ चालू ठेवायची."

"ठेवतो की. रोज दारात ठेवतो."

रोज दारात. स्वयंपाकघराची खिडकी शेडच्या डोक्यावर होती. कचऱ्याची गाडी आली तरी तिची काच थरथरायची. आपल्या गाडीचा आवाज मात्र तिला कधी ऐकल्याचं आठवेना. नवरा एकदम मागेच उभा असायचा आणि ती दचकायची. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ती ट्रेमधले नट उगाच नीट लावू लागली. "परवा तू आलास तेव्हा मी काय करत होते रे?"

"फोनवर होतीस."

"कुणाशी?"

"टिल्लूशी. त्याला म्हणत होतीस, यांना नको सांगू."

"आपण टर्बो उघडणार हे त्याला सांगायचं होतं, म्हणून ते मी फोन लावल्या लावल्या बोलले. तू आत आलास तेव्हा माझं बोलून झालं होतं." तिनं मान वर केली. "खिडकीखाली किती वेळ उभा होतास?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. फडकं हातांपेक्षा काळं होतं.

"इंजिन कुठे बंद करतोस?"

"टेकाडावर," तो शेवटी म्हणाला. "पुढे उतारच आहे. डिझेल वाचतं."

"आणि डिझेल वाचावं म्हणूनच दारही न आपटता लावतोस? बंद गाडीत ब्रेक दगडासारखा होतो, माहितीय ना? रोज तसाच येतोस?"

"मला वाटायचं, मी नसताना तो येतो. तू त्याला काहीबाही देतेस आणि मला सांगत नाहीस."

"सापडला कितीदा?"

"एकदाही नाही."

"आणि तरी येत राहिलास."

"सापडला नाही म्हणूनच," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो खाली बसला.

तिला ओरडावंसं वाटलं, पण तिनं फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं, फोन पुसला, स्पीकर लावला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"मधला भाग नवा लागेल. मागव त्याच्याकडून. माफीचं तू स्वतःच बोलला होतास."

टिल्लूनं दुसऱ्या रिंगलाच उचलला. "बोला दाजी. उघडलात? जुना निघालो का मी?"

"नाही. माल नवाच होता. माझं चुकलं."

"जाऊ द्या हो. पण मग जळला कशानं? ताईला सांगितलं होतं मी. ती विसरली का?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती 'हो' म्हणाली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, हे दोघांनाही कळत होतं. तिनं भिंग डब्यात ठेवलं.

"ताई नाही विसरली," तो म्हणाला. "मी टेकाडावरच इंजिन बंद करायचो."

"टेकाडावर? का हो?"

ती तिथून हलली नाही. तिलाही हे त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुला पकडायला," नवरा म्हणाला.